आमच्या वर्गातला पडदा : कॅथलिक प्राथमिक शाळेतलं तंत्रज्ञान आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

वसई तालुक्यात चर्चच्या शेजारी शाळा हे गावोगावचं चित्र आहे. अशाच एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. पालकसभेत, गेटवर आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. नव्यानं शिक्षक झालेल्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आमच्या वेळी फळा-खडूवर भागलं. आता टीव्ही-लॅपटॉप हवेतच कशाला?

फळा-खडूवर आजही बरंच भागतं आणि ते तसंच भागत राहावं असं मला मनापासून वाटतं. पण ज्वालामुखी, बर्फाचा डोंगर, कोष फोडून बाहेर येणारं फुलपाखरू हे मी खडूनं कितीही काढलं तरी अपुरंच राहतं. जे माझ्या हाताला, आवाजाला आणि फळ्याला जमत नाही तेवढ्यासाठी पडदा, बाकी सगळं माणसाकडून, असा आमचा नियम आहे. सहा ते दहा वर्षांचं मूल शिकतं ते त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाकडून. मूल आणि माणूस यांच्या मध्ये येऊन बसणारं यंत्र वर्गात नको, आणि दोघांना एकाच गोष्टीकडे बघायला लावणारं यंत्र असेल तर जरूर यावं. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

चर्चच्या शाळेला हे शोभतं का? मुलं प्रार्थनेपासून लांब जातील अशी भीती वाटते.

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी-आजोबा विचारतात. त्यांची काळजी खरी आहे, पण ख्रिस्तसभा यंत्राला बिचकत आली आहे असं मात्र नाही. भारतातलं पहिलं छपाईयंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं ते जेझुइट धर्मगुरूंकडे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी छपाईची सोयच नव्हती. व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली सुरू झाला, तो खुद्द मार्कोनीनं उभारून दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, तर १९६३ साली वृत्तपत्रं, सिनेमा, रेडिओ आणि टीव्ही यांवर वेगळा दस्तऐवजच काढला.

या सगळ्या वेळी यंत्र आलं ते लोकांपर्यंत पोचायला. शाळेतही ते त्याच हेतूनं यावं. सकाळची प्रार्थना आम्ही पडद्याशिवायच म्हणतो. मुलं हात जोडून उभी असतात आणि शब्द तोंडपाठ असतात. प्रार्थनेचे शब्द स्क्रीनवर लावले की डोळे अक्षरांवर जातात आणि पाठांतरही सुटतं, म्हणून ते लावायचे नाहीत असं सिस्टरांनी आणि आम्ही मिळून ठरवलं.

वर्गात नेमकं काय काय आहे?

एक मोठा टीव्ही, त्याला जोडलेला लॅपटॉप, बरा स्पीकर आणि मोबाइल अडकवायचा स्टँड. इंटरॅक्टिव्ह पॅनेल एकाच खोलीत आहे, वर्ग पाळीपाळीनं तिथे जातात. कॉम्प्युटर रूम तिसरी-चौथीसाठी. वायफायचा पासवर्ड फक्त शिक्षकांकडे असतो.

या यादीत मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा आहे तो साधा मोबाइल स्टँड. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मुलं दिवसातून किती वेळ पडद्यासमोर असतात?

पहिली-दुसरीला सलग दहा-बारा मिनिटांच्या वर नाही आणि तेही रोज नाही. तिसरी-चौथीला एका तासिकेत जास्तीत जास्त वीस मिनिटं. तुलनेसाठी सांगते, २०२० साली शाळा बंद असताना केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं घालून दिली होती. तो नाइलाजाचा काळ होता. आता मूल समोर बसलेलं असताना तेवढीही गरज नाही.

डोळ्यांसाठी २०-२०-२० ची सवय लावतो : वीस मिनिटं जवळचं पाहिलं की वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं. आमच्या खिडकीतून नारळाची झाडं दिसतात, मुलं त्यांच्याकडे बघतात.

शेजारच्या इंग्रजी शाळेत प्रत्येक मुलाला टॅब मिळतो. आपल्याकडे का नाही?

पैसे नाहीत हे एक कारण आहे, पण पैसे असते तरी मी चौथीपर्यंत विरोधच केला असता. टॅब दिला की तीस मुलं तीस खिडक्यांत जातात. कोण कुठे अडलं ते टीचरला दिसत नाही, आणि ‘ए, इकडे बघ काय झालं’ असं शेजारच्याला सांगणंही बंद होतं. एकच पडदा असला की सगळा वर्ग एकदम हसतो, एकदम चुकतो आणि एकमेकांचं ऐकतो.

नुसतं यंत्र वाटून शिक्षण सुधारत नाही हे जगानं मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. पेरू देशात दहा लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना दिले गेले. शिकवण्याच्या पद्धतीत त्यांना जागाच करून दिली नव्हती, त्यामुळे शिकणं काही सुधारलं नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात हे उदाहरण दिलेलं आहे, आणि तंत्रज्ञान नेमकं कुणाच्या अटींवर वर्गात येतं आहे हाच त्या अहवालाचा मुख्य प्रश्न आहे. शाळा निवडताना पालकांनीही तो विचारावा. ‘टॅब देता का’ यापेक्षा ‘टॅबवर मूल काय करतं आणि तेव्हा टीचर कुठे असते’ हे विचारलं की बरंच काही कळतं.

एखादी तासिका प्रत्यक्षात कशी चालते ते सांगाल का?

चौथीच्या परिसर अभ्यासात फुलाचे भाग शिकवायचे होते. पुस्तकात जास्वंदीची आकृती असते आणि जास्वंद मिळतेही, पण वसईच्या पोराला केळफूल जवळचं. वाडीतून कुणीतरी घेऊनच येतं.

मोबाइल स्टँडला उलटा लावला, कॅमेरा खाली टेबलाकडे आणि चित्र टीव्हीवर. आधी सबंध केळफूल ठेवलं. मग एक जांभळट-लाल आवरण उचललं. खाली बारीक पिवळसर फुलांची रांग, दात लागल्यासारखी. एक फूल चिमटीनं काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि कॅमेरा जवळ नेला. हाताच्या बोटाएवढं फूल टीव्हीवर हातभर झालं. आत ताठ उभी काडी, तिच्या टोकाला चिकट गोळा, आणि बाजूला काचेसारखा पातळ पापुद्रा. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, ही काडी तर आजी काढून टाकते!’ बरोबर आहे. भाजीसाठी केळफूल निवडताना हीच काडी आणि हाच पापुद्रा काढतात, कारण ते शिजत नाहीत. तिथून मग गोष्ट आपोआप पुढे गेली : आजी काढते ते फुलाचं नेमकं काय, आणि या फुलांची केळी का होत नाहीत? घडाच्या वरच्या फण्यांतली फुलं मादी, त्यांची केळी होतात. खाली लोंबणाऱ्या केळफुलातली नर, त्यांची केळी होत नाहीत. दोन मुलांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण त्यांच्या घरची केळीची वाडी आहे. त्यांनीच पुढे येऊन वर्गाला समजावलं.

पडदा चालू होता तो फार तर पंधरा मिनिटं. नंतर तो बंद करून प्रत्येक गटाला एकेक आवरण दिलं आणि वहीत चित्र काढायला सांगितलं. इंटरनेट लागलं नाही, तयार व्हिडिओ लागला नाही, विकतचं सॉफ्टवेअरही नाही. मला तंत्रज्ञानाचा वर्गातला उत्तम उपयोग असाच वाटतो : मुलाच्या हातातलीच वस्तू सगळ्यांना एकदम मोठी करून दाखवणारा.

मग तयार व्हिडिओ दाखवतच नाही?

दाखवतो, पण तोडून. तीन-चार मिनिटांचा तुकडा लावायचा, मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, ‘आता पुढे काय होईल?’ सलग वीस मिनिटांचा व्हिडिओ लावून टीचरनं वह्या तपासत बसणं याला मी शिकवणं म्हणणार नाही.

नकाशे, इतिहास यांसाठी काही करता का?

इथे पडद्याची कमाल दिसते. गूगल अर्थवर आधी आपली शाळा शोधायची, मग चर्च, मग घर. त्यानंतर मुलांना सांगतो, आपल्या गावातलं बावखल शोधा. वसईबाहेरच्या वाचकांसाठी : बावखल म्हणजे वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. पूर्वी शेतीचं पाणी त्यातून घ्यायचे आणि आसपासच्या विहिरींना त्यामुळेच पाणी राहायचं. आता बरीच बुजली आहेत. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रंही बघता येतात. एकाच जागेचं जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं की हिरवा डाग कुठे गेला ते मुलांनाच दिसतं. मग गृहपाठ असा : घरी जाऊन आजोबांना विचारा, तिथे काय होतं. ही माहिती पडद्यात नाही, ती आजोबांकडेच आहे.

धर्मशिक्षणाच्या तासाला पडदा वापरता का?

वापरतो, जपून. बायबलमधली गोष्ट आधी तोंडानं सांगायची हा माझा आग्रह आहे. कार्टूनमध्ये येशूचा एक चेहरा दिसला की तो मुलाच्या डोक्यात कायमचा बसतो, मग स्वतःच्या मनानं ते काही रंगवत नाही. गोष्ट ऐकून, चित्र काढून झालं की मग हवं तर जगभरच्या चित्रकारांनी तीच गोष्ट कशी रंगवली ते पडद्यावर दाखवावं. तुलनेला खूप सापडतं.

संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट मात्र नकाशाशिवाय मी सांगतच नाही. हा आपल्या वसईत जन्मलेला माणूस, १५५७ च्या सुमाराचा. इथून जपानला गेला, तिथे काही काळ व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्यासी संघाचा ब्रदर झाला, पुन्हा जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसोबत क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. वसईचा किल्ला, मनिला, नागासाकी हे गूगल अर्थवर एकामागून एक फिरून दाखवलं की मुलं गप्प होतात. शिडाच्या जहाजातून एवढं अंतर एक माणूस गेला, आणि तो आपल्या गावाजवळचा होता, हे तेव्हा त्यांना खरं वाटतं.

मुलांच्या जास्त जवळचे संत म्हणजे कार्लो आकुतिस. १९९१ साली जन्मलेला, इटलीत वाढलेला हा मुलगा कॉम्प्युटरमध्ये हुशार होता. ख्रिस्तप्रसादाशी, म्हणजे मिस्सामधल्या पवित्र भाकरीशी, जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्यानं वेबसाइट बनवली. २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या संताचा फोटो पाहून आमच्या चौथीच्या मुलांचे चेहरे खुलतात. व्हिडिओ गेम त्यालाही आवडायचे, पण आठवड्याला एक तास अशी मर्यादा त्यानं स्वतःच घालून घेतली होती. हे सांगितलं की मला पुढे उपदेश करावा लागत नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या मुलालाही हे सगळं बघावं लागतं का?

नाही. संविधानाच्या कलम २८ (३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला बसणं पालकांच्या संमतीशिवाय सक्तीचं करता येत नाही. धर्मशिक्षणाच्या वेळी इतर मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. पडदा, कॉम्प्युटर रूम या सोयी मात्र सगळ्यांना सारख्याच आहेत. आणि गोन्सालो गार्सियांचा नकाशा हा वसईचा इतिहासही आहे, तो परिसर अभ्यासात सगळ्यांनाच दाखवतो.

मोबाइल-कॉम्प्युटरनं हस्ताक्षर आणि वाचन बिघडणार नाही का?

बिघडू शकतं, म्हणून टायपिंग तिसरीच्या आधी नाही आणि लेखी काम सगळं वहीतच. शाळेत संगणक फार आधी आलेल्या स्वीडननंही २०२३ पासून छापील पुस्तकं आणि हातानं लिहिणं यांच्याकडे पुन्हा वळण्याचं धोरण घेतलं आणि त्यासाठी सरकारी पैसाही दिला. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ हे बोटांतून जातं तेव्हाच डोक्यात राहतं असा माझा वर्गातला अनुभव आहे.

मोबाइल स्टँडचा आणखी एक उपयोग इथे होतो. एखाद्या मुलानं ‘कृ’ किंवा ‘ज्ञ’ सुरेख काढला की त्याची वही कॅमेऱ्याखाली ठेवते. सगळा वर्ग ते अक्षर टीव्हीवर बघतो आणि तो मुलगा ताठ बसतो. चुकलेलं अक्षर कधीही पडद्यावर आणायचं नाही, हा माझा स्वतःचा कडक नियम आहे.

मराठी माध्यमासाठी चांगलं साहित्य मिळतं तरी का?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच मिळतं. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपवर नेतात. हे ॲप २०१७ पासून आहे आणि फुकट आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्येही मोफत उतरवून घेता येतात. पुस्तक हरवलं म्हणून अभ्यास अडायला नको. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. तिथे मराठीत पायऱ्यापायऱ्यांनी अवघड होत जाणारी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत, ती छापूनही घेता येतात. आम्ही काही छापून, शिवून वर्गाच्या कोपऱ्यात टांगली आहेत. पडद्यावरची गोष्ट कागदावर आली की मुलं ती हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचतात.

दर्जा मात्र सरसकट सारखा नाही. काही व्हिडिओंतली मराठी इतकी पुस्तकी किंवा इतकी अशुद्ध असते की मी ते बाजूला ठेवते. लावण्याआधी टीचरनं पूर्ण बघणं याला पर्याय नाही.

घरी आम्ही सामवेदी बोलतो. पडद्यावरच्या मराठीत आमची बोली हरवेल का?

या प्रश्नानं मी स्वतः बरीच अस्वस्थ झाले आहे. वसईत सामवेदी, म्हणजेच कादोडी, आहे आणि वाडवळी आहे. पहिलीत येणारं मूल कित्येकदा हीच बोली घेऊन येतं. टीव्ही आणि मोबाइलनं या बोली मुलांच्या तोंडून मागे ढकलल्या आहेत हे खरं आहे.

म्हणून आम्ही यंत्र उलट्या दिशेनं वापरतो. दिवाळीच्या सुट्टीत तिसरी-चौथीच्या मुलांना काम देतो : आजीच्या शेजारी बसा, लग्नातलं एखादं जुनं गाणं किंवा एक गोष्ट बोलीतच मोबाइलवर रेकॉर्ड करा, नंतर तिच्याकडून अर्थ समजून घ्या. सुट्टीनंतर आवाज वर्गात ऐकायचे आणि त्यातले पाच शब्द फळ्यावर लिहायचे : बोलीतला शब्द, मराठी शब्द, वस्तूचं चित्र. शेतीच्या अवजारांची नावं, माशांची नावं, नात्यांची नावं यातून निघतात, आणि बोली घरी न बोलणारी मुलंही ती म्हणून बघतात. हे आवाज शाळेच्या हार्ड डिस्कवर नीट नाव आणि गाव लिहून ठेवले आहेत. ज्या शाळांना जमेल त्यांनी हे काम लगेच हाती घ्यावं असं कळकळीनं सांगते. गाणी पाठ असलेल्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.

चॅटजीपीटीसारखी एआय साधनं मुलांना वापरू देता का?

प्राथमिकला नाही. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींनुसारही तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नसतं. घरी गृहपाठ एआयकडून करून आणला तर तो लगेच ओळखू येतो, कारण दुसरीतलं मूल ‘पर्यावरणाचे संवर्धन ही काळाची गरज आहे’ असं बोलत नाही. अशा वेळी मी रागावत नाही. मुलाला जवळ बसवते आणि म्हणते, आता तुझ्या शब्दांत सांग.

याबाबत व्हॅटिकननं २८ जानेवारी २०२५ रोजी ‘अँटिक्वा एत नोव्हा’ नावाची टिपणी प्रसिद्ध केली आहे. शिक्षकाचं समोर असणं आणि त्यातून तयार होणारं नातं यंत्राला देता येत नाही, आणि यंत्रावर फार विसंबलं तर स्वतः काही करण्याची मुलाची क्षमता झिजते, असा तिचा शिक्षणाबद्दलचा रोख आहे. पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये निवड झाल्यावर लगेचच कार्डिनलांना सांगितलं की हे नाव घेण्यामागे एआय हेही एक कारण आहे. त्याच नावाच्या आधीच्या पोपनी, तेराव्या लिओंनी, १८९१ साली कारखान्यांतल्या कामगारांच्या प्रश्नावर लिहिलं, तशीच वेळ आज आली आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

शिक्षक एआय वापरतात का? हो. गणिताची सरावाची उदाहरणं किंवा एकाच उताऱ्याची सोपी आणि अवघड रूपं काढायला मी वापरते. पण मराठीत ती साधनं अजून चुका करतात, त्यामुळे तपासल्याशिवाय एक ओळही वर्गात जात नाही. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात टाकायची नाही, हे सगळ्या शिक्षकांना बजावलं आहे.

पहिलीपासून कोडिंग का शिकवत नाही?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग माध्यमिकपूर्व टप्प्यावर, सहावीपासून, सांगितलं आहे. तोवर जमिनीवर खडूनं चौकोन आखून ‘दोन पुढे, एक उजवीकडे’ असं मित्राला चालवणं पुरेसं आहे. महागडा कोर्स विकायला कोणी घरी आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

ज्या मुलांना वाचायला अवघड जातं, त्यांना याचा काही फायदा?

सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच आहे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला उतारा ऐकत ऐकत बोटानं ओळ धरता येते. बोलायला बुजणारं मूल एकटं बसून आपला आवाज रेकॉर्ड करतं, ऐकतं, पुन्हा करतं आणि हवं तेव्हाच टीचरला देतं. अशा मुलाला मात्र आम्ही स्वतंत्र टॅब देतो. वर एकेकट्या टॅबला विरोध केला आहे त्याला हा अपवाद, कारण इथे टॅब त्या मुलाला वर्गाच्या आत घेऊन येतो.

मुलांचे फोटो आणि माहिती कुठे जाते?

नाताळचा कार्यक्रम, स्नेहसंमेलन, वार्षिक क्रीडा यांचे फोटो पालकांची लेखी संमती असेल तरच शाळेच्या पेजवर जातात, आणि तेही नावाशिवाय. संमती कधीही मागे घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. म्हणून ‘फुकट’ ॲप आम्ही सहज स्वीकारत नाही. मुलाचं नाव, फोटो, मोबाइल नंबर मागणारं ॲप असेल तर ते कशासाठी हे आधी विचारतो. ‘अपार’ आयडीसाठीही, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशपातळीवरच्या ओळख क्रमांकासाठीही, पालकांचं संमतीपत्र लागतं, ते वाचूनच सही करा.

एक विनंती पालकांनाही आहे. कार्यक्रमात तुम्ही काढलेल्या फोटोत दुसऱ्यांची मुलंही असतात. ते स्टेटसला ठेवण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ का टाकत नाही?

कारण मग मूल वहीत लिहून घेत नाही. ग्रुप सूचनांपुरता आहे आणि रात्री आठनंतर बंद. एखाद्या मुलाची तक्रार ग्रुपवर टाकू नका, थेट टीचरला भेटा.

टीचर वर्गात मोबाइलवर दिसतात, हे कसं?

कधी स्टँडवरच्या कॅमेऱ्यासाठी, आणि बऱ्याचदा सरकारी नोंदींसाठी. पोषण आहाराची रोजची नोंद, सरल पोर्टल, यू-डायस, हे सगळं ऑनलाइन भरावं लागतं आणि सर्व्हर दुपारी अडकतो. मुलांच्या वाट्याचा वेळ त्यात जातो याचं आम्हाला वाईट वाटतं. शक्य तितकं ते सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर करायचं असं ठरवलं आहे.

पावसाळ्यात वीज गेली की काय?

टीचर गोष्ट सांगते. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, टीव्ही नाही. प्रत्येक पाठाचं पडद्याविना टाचणही तयार असतं.

घरी मोबाइल कसा आवरायचा?

शाळेत कितीही नियम केले तरी मुलाचा खरा मोबाइल घरी असतो. जेवताना आणि झोपायच्या खोलीत मोबाइल नको, आणि हे मोठ्यांनाही लागू. मुलाला स्वतंत्र खातं उघडून देऊ नका. यूट्यूबवर स्वतःचं खातं आणि व्हॉट्सॲप दोन्हींसाठी वय तेरा लागतं. मोबाइल देणारच असाल तर मुलासोबत बसून बघा आणि त्यावर बोला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात अनेक घरांत मांसाहार सोडतात. काही कुटुंबांनी त्यासोबत संध्याकाळी रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी सगळे मोबाइल एका डब्यात ठेवायला सुरुवात केली आहे. त्या घरांतली मुलं सोमवारी शाळेत येऊन घरच्या गप्पा जास्त सांगतात, हे मी पाहिलं आहे.

मुलानं काही घाणेरडं बघितलं किंवा अनोळखी माणसानं मेसेज केला तर?

आधी मुलाला जवळ घ्या. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मग शाळेत टीचर किंवा सिस्टरांना सांगा, ती गोष्ट गावात पसरणार नाही याची जबाबदारी आमची. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे.

घरात जुना टॅब किंवा लॅपटॉप पडून आहे. शाळेला दिला तर चालेल का?

चालत असेल आणि चार्जर सोबत असेल तर आनंदानं घेऊ. देण्याआधी त्यातली तुमची खाती, फोटो आणि बँकेची ॲप काढून फॅक्टरी रीसेट करून द्या. बॅटरी फुगलेली असेल तर आणू नका, ती धोकादायक असते, ई-कचरा संकलनात द्या. आणि खरं सांगायचं तर यंत्रापेक्षा आम्हाला वेळ जास्त हवा आहे. तुमच्यापैकी कुणी बोट चालवतं, कुणी फुलशेती करतं, कुणी हॉस्पिटलात नर्स आहे, कुणी आखातात जहाजावर आहे. शुक्रवारच्या शेवटच्या तासिकेला वर्गात या, किंवा लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर या, आणि मुलांना तुमचं काम दाखवा. वेळ ठरवायला शाळेच्या ऑफिसात नाव नोंदवून ठेवा.